आतून आलेलं उत्तर

२ सप्टेंबर

आले बाई एकदाची! टॅक्सीवाल्याने ट्रंक उतरवताना विचारलं, आत दगड भरलेत का. मी सांगितलं, शिवणाच्या मशीनचं डोकं आहे, माझ्या डोक्यापेक्षा जड आणि जास्त कामाचं. तो हसला, मग मीही हसले. हे गेल्यापासून वर्षभरात पहिल्यांदा स्वतःचं हसू कानावर पडलं आणि मीच दचकले.

ही वही लेकीने दिली. म्हणाली, आई, तुझ्या तोंडाचा पट्टा सारखा चालू असतो आणि तिथे ऐकायला कोणी नाही, तेव्हा वहीशी बोल. खरं तर मी तिच्याकडेच राहावं असं तिला वाटत होतं. जावई भला माणूस आहे, घरही मोठं आहे. पण दुरून डोंगर साजरे, तशी सासूही. शिवाय तिथे मला कोणी कामाला हात लावू देत नाही आणि मला रिकामं बसवलं की मी रडते. म्हणून ही नोकरी.

घर एका निवृत्त प्राध्यापकांचं. सगळे त्यांना सर म्हणतात, मीही म्हणेन. त्यांच्याकडे चाळीसेक टॅरंटुला आहेत, म्हणजे तळहाताएवढे केसाळ कोळी, प्रत्येक आपापल्या काचेच्या पेटीत. सरांनी लग्न केलेलं नाही. एवढ्या आठ-आठ पायांच्या बायका सांभाळताना सवड कुठून मिळणार! आता त्यांचे हात कापतात, म्हणून पेट्या पुसायला, पाणी भरायला, रातकिडे घालायला माणूस हवं होतं. शिवणकाम करता ना, हात स्थिर आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी सुईत दोरा ओवून दाखवला आणि नोकरी पक्की झाली.

माझी खोली गरम खोलीच्या पलीकडे आहे. गरम खोली म्हणजे कोळ्यांची. माझी खोली पूर्वी सामानाची होती, घरामागच्या उतारात खोदलेली. दार उघडलं की आत तीन पायऱ्या उतराव्या लागतात. वर एक झरोका, बाकी सगळ्या भिंती. दाराला आतून कडीसुद्धा नाही, सर म्हणाले लावून घेऊ. मला मात्र पाहताक्षणी आवडली. गार, शांत, आणि अंगाभोवती घट्ट बसणारी.

५ सप्टेंबर

आज माझी चांगलीच फजिती झाली. सकाळी एका पेटीत पाहते तर एकाऐवजी दोन कोळी. एक कोपऱ्यात, एक मधोमध. मी धावत जाऊन सरांना सांगितलं की बाळंतपण झालंय आणि बाळ आईएवढं आहे. सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मधोमध होती ती नुसती कात. साप टाकतो तशीच कोळीही टाकतो, पण सापाची कात म्हणजे उलटा केलेला पायमोजा आणि ही म्हणजे अख्खा कोळी, केसांसकट, सुळ्यांसकट. फक्त आत कोणी नाही. एखादा पाय तुटलेला असेल तर कात टाकताना तोही नवा फुटतो म्हणे. पोटाचं अस्तरसुद्धा टाकून देतात. मी इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांना अस्तरं लावली, पण असं अस्तर आजवर ऐकलं नव्हतं.

मग सरांनी मला सगळ्यात मोठा नियम शिकवला. कात टाकायच्या आधी ती खाणं सोडते, बिळाचं तोंड रेशमाने बंद करते, पाठीवर केस झडून टक्कल पडलेलं असतं ते काळं पडतं. मग जमिनीवर रेशमाची चटई विणते आणि तिच्यावर उताणी पडते. पाहणाऱ्याला वाटतं, मेली. माझ्या आधीच्या बाईंना तसंच वाटलं. त्यांनी दयेने तिला सरळ केलं आणि ती खरंच मेली. सर म्हणाले, मेलेला कोळी पाय पोटाशी घेतो, मुठीसारखे. पाय पसरून उताणी असेल तर ती जिवंत आहे, तिला हात लावायचा नाही, फक्त वाट पाहायची.

मी मान हलवली आणि पाणी भरायला गेले. ह्यांचे हात पसरलेले होते. त्या सकाळी अंथरुणावर हे उताणे होते आणि दोन्ही हात दोन बाजूंना पसरलेले. दुपारपर्यंत स्मशानातलं सगळं आटोपलंसुद्धा. किती घाई असते लोकांना.

११ सप्टेंबर

नव्याचे नऊ दिवस संपले तरी मन रमलंय. सगळ्यांत मला थोरली आवडते. हे नाव मीच ठेवलं. माझ्या लेकीहून एखाद्या वर्षाने लहान असेल, पण पेट्यांत सगळ्यात म्हातारी. मादी पंचवीस-तीस वर्षं जगते, एकाच बिळात, बिळाला आतून रेशीम लावून. तिला धड दिसत नाही. जमीन जशी थरथरते त्यावरून ती ओळखते की बाहेर रातकिडा आहे की वारा. मी झाकण काढायच्या आधीच तिला माझं पाऊल कळतं असं मला वाटतं. सर म्हणतात, पाऊल कळतं, माणूस नाही.

नराचं नशीब निराळं. एक नर गेल्या महिन्यात वयात आला. शेवटची कात टाकली आणि त्याच्या पुढच्या पायांना आकडे फुटले. मादीने सुळे उगारले की तो ते आकड्यांत अडकवून धरतो म्हणे. आता हा पुन्हा कात टाकणार नाही आणि फार जगणारही नाही. त्याने बीळ सोडलंय. खात नाही, वाळत चाललाय आणि दिवसभर काचेच्या कडेने नुसता चालतो. जंगलात असता तर मैलोनमैल चालला असता, दारोदार.

मी त्याच्यापुढे स्टूल घेऊन बसले आणि पोटभर रडले. हे टपालवाले होते. दिवसभर लोकांची दारं वाजवायची आणि संध्याकाळी स्वतःचं. खिशात किल्ली असून कधी वापरली नाही. नखांनी तीन टकटक भराभर, मग थांबून एक. मी मशीनवर बसलेली असायची, तिथूनच अंगुस्तानाने, सुई टोचू नये म्हणून बोटात घालते त्या टोपीने, लोखंडावर दोनदा वाजवायची. मग आत यायचे. मी रुसले असले तर वाजवायची नाही. मग पिशवी खाली ठेवून हे पायरीवर बसून राहायचे आणि चार घरं पलीकडे ऐकू जातील असे उसासे टाकायचे. लेक बोलायला लागली नव्हती तेव्हापासून तिलाही हीच खूण शिकवली. अजून माहेरी आली की तसंच वाजवते आणि मी दोनदा वाजवल्याशिवाय पाऊल आत टाकत नाही. बापाचीच लेक!

शेवटच्या महिन्यांत ह्यांचं खाणं सुटलं होतं. घरातल्या घरात चालायचे, भिंतीला हात लावत. मी म्हणायची, अहो बसा ना. म्हणायचे, पत्ता सापडत नाही गं.

१४ सप्टेंबर

आज सरांनी नराला थोरलीच्या पेटीत सोडलं. सर एका बाजूला लाकडी पट्टी घेऊन उभे, दुसऱ्या बाजूला मी. बिघडलं तर दोघांमध्ये पट्टी घालायची.

तो बिळाच्या तोंडाशी गेला आणि वाजवायला लागला. तोंडाजवळचे दोन आखूड पाय जमिनीवर भराभर आपटतो. थांबतो, ऐकतो, पुन्हा वाजवतो. आत शांतता. मादी आतून वाजवते तेव्हाच तो पुढे होतो, आणि तिने वाजवलं नाही तर शहाणा असेल तर निघून जातो. मग बिळातून उत्तर आलं, जमिनीखालून कोणी दार ठोठावावं तसं. माझं अंगुस्तान एप्रनच्या खिशात होतं, ते मी मुठीत कधी घेतलं कळलंच नाही.

सगळं नीट झालं. काम होताच तो असा पळाला की सरांना पट्टी वापरावीच लागली नाही. मी टाळ्या वाजवल्या, सर रागावले, कारण पेट्यांतल्या सगळ्या जणी दचकल्या.

१५ सप्टेंबर

नराची पेटी आता माझ्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवलीय. दुपारी पडले होते, तर भिंतीतून आवाज यायला लागला. तो वाजवत होता. रिकाम्या पेटीत, कोणासाठी कोण जाणे. थांबायचा, ऐकायचा, पुन्हा वाजवायचा. थांबल्यावरची ती शांतता मला सोसेना. मी अंगुस्तान बोटात घातलं आणि भिंतीवर दोनदा वाजवलं.

दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. पण किती बरं वाटलं म्हणून सांगू! पलीकडून लगेच उत्तर आलं. मी पुन्हा वाजवलं. दुपारभर आमचं चाललं होतं. बाहेर येऊन पाहिलं तर तो माझ्या भिंतीच्या बाजूला काचेला चिकटून बसला होता. तिथून हलायला तयार नाही.

१७ सप्टेंबर

सरांनी पुन्हा जोडी लावली. मी नको म्हणत होते, पण एकदा खात्री करून घेऊ म्हणाले. त्याने वाजवलं, थोरलीने आतून वाजवलं, तो पुढे झाला. सरांचा हात कापला आणि पट्टी निसटली.

आवाजसुद्धा झाला नाही. दुपारपर्यंत त्याची बारीक गोळी उरली होती, थोरली तेवढी बाहेर आणून टाकते.

मी सरांना विचारलं की तिने असं का केलं, तीन दिवसांपूर्वी तर सोडलं होतं. सर म्हणाले, राग नसतो तिला. ओळखही नसते. आज भूक होती, एवढंच. मग मी विचारलं की एकदा वाचलेला परत का गेला. सर चष्मा पुसत म्हणाले, आतून उत्तर आलं म्हणून.

१८ सप्टेंबर

दुपारी भिंतीतून वाजलं.

दुसरा एखादा नर असेल म्हणून सरांकडे गेले. ते म्हणाले, वयात आलेला नर घरात दुसरा नाही. मी त्याची पेटी माझ्या हातांनी धुऊन उन्हात उपडी घातलेली आहे. रिकामीच आहे, जाऊन पाहिलं.

जुनं घर आहे. नळांत हवा अडकत असेल.

२० सप्टेंबर

सरांच्या डोळ्यात कोळ्याचा केस गेला. कोळी चिडले की मागच्या पायांनी पाठीवरचे केस उडवतात, डोळ्यात गेले की सुईसारखे रुततात. डोळा लालभडक झाला. पुतण्या येऊन त्यांना मोठ्या गावच्या इस्पितळात घेऊन गेला, दोन-तीन आठवडे तरी लागतील. जाताना सर सूचना देत होते. थोरलीने बीळ बंद केलंय, तिला त्रास द्यायचा नाही. उताणी दिसली तर हात लावायचा नाही. आणि डोळे सांभाळा. मी म्हटलं, तुमचे आधी सांभाळा. घर एकदम मोठं झालं.

दिवेलागणीला पुन्हा वाजलं. भिंतीवर नाही, दारावर. तीन भराभर. मग थांबून एक.

२१ सप्टेंबर

काल दार उघडून पाहिलं होतं. कोणी नव्हतं. मला भीती वाटली नाही, हे इथे खरं खरं लिहिते. आनंद झाला. वेडी म्हणा मला. वर्षभर मी एकच मागणं मागत होते आणि ते आज माझ्या दारावर नखांनी वाजतंय.

आज वाजल्यावर मी उठले नाही. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला, कातडी पिशवी, तिच्या बक्कलासकट. मग कोणीतरी उंबऱ्यावर बसलं. मग उसासा, मोठ्याने, चार घरं पलीकडे ऐकू जाईल असा.

मी तोंडात पदर कोंबून रडले. तो पत्ता शेवटी सापडला त्यांना.

२३ सप्टेंबर

उत्तर दिलेलं नाही अजून. द्यायचं म्हणून अंगुस्तान घालते आणि थोरलीची ती गोळी डोळ्यांपुढे येते.

भूक नाही. चार घास खाल्ले तेही परत आले. अंगाची त्वचा कोरडी पडलीय आणि सैल वाटते, दुसऱ्याच्या मापाचा झगा घातल्यासारखी. कमरेवर पाठीमागे खाज येते, हाताला गुळगुळीत लागतं. आरशात पाहिलं. तिथे काळं पडलंय.

खोली फार उघडी वाटायला लागली होती. ट्रंकेतलं सगळं कापड काढलं आणि भिंतींना लावलं, एकमेकांना शिवत शिवत, छतापर्यंत. झरोकाही झाकला. दाराच्या फटी भरल्या. आता बरं वाटतंय. कोणी गरम खोलीत पाऊल टाकलं तर इथे तळव्यांना कळतं.

२५ सप्टेंबर

लेकीचा फोन. तुझा आवाज असा का येतो, म्हणाली. मी सर्दीचं सांगितलं. तिला पटलं नाही, औषधाच्या दुकानात काम करते ती, सर्दीतला आवाज तिला कळतो. म्हणाली, आई, ये ना माझ्याकडे. मग रडायला लागली आणि म्हणाली, बाबा गेल्यावर तू एकदाही मला जवळ घेतलं नाहीस, मीही माझा बाप गमावलाय. मी तिला सांगणार होते की बाबा इथे आहेत, दाराशी बसलेत. नाही सांगितलं. ती म्हणाली, आठवडाभर फोन उचलला नाहीस तर सरळ निघून येईन.

दिवेलागणीला वाजलं. तीन, एक.

अहो, मला तुम्ही हवे आहात. हाडामांसात हवे आहात. पण थोरलीलाही राग नव्हता. मी अंगुस्तान घातलेली मूठ उशीखाली दाबून बसले. तुम्ही बाहेर उसासे टाकत होतात. आपल्या आयुष्यात मी रुसून कधी इतका वेळ लावला नव्हता.

२८ सप्टेंबर

बोलायला गेलं तर आवाज निघत नाही. फोन वाजतो. खोलीभर त्याची थरथर होते, मशीनच्या लोखंडापर्यंत. उचलून काय करू.

पेट्यांत पाणी भरलं. सगळ्या जणी काचेशी आल्या होत्या. माझ्याकडे तोंड करून. एरवी दूर पळतात.

थोरलीचं बीळ अजून बंद आहे. माझंही.

२९ सप्टेंबर

जमिनीवर गोधडी अंथरली. कोणी सांगितलं नाही, पण अंथरायलाच हवी होती. आता पाठ टेकते. हात दोन बाजूंना. कोणी आलं आणि दयेने मला सरळ केलं तर?

देवा, त्या सकाळी आपण सगळ्यांनी मिळून ह्यांना—

१ ऑक्टोबर

उठले. किती वेळ गेला ते फोनवरच्या तारखेवरून कळलं.

गोधडीवर मी आहे. म्हणजे ती. पातळ, पिवळट, केसांसकट. मानेवरचा तीळसुद्धा आहे. तोंड उघडं. आत कोणी नाही.

मला हसू यायला हवं होतं. बाळंतपण झालंय, सर, आणि बाळ आईएवढं आहे.

अंगुस्तान तिच्या बोटात राहिलं होतं. काढून घेतलं. माझ्या बोटात आता बसत नाही, पण घेतलं. तिला उचलवेना, जळमटासारखी हलकी आहे तरी. लग्नात ह्यांनी जो हात धरला तो तिचा होता.

२ ऑक्टोबर

अंग मऊ. उजेड सोसत नाही. दात हलले आणि पडले, खालून नवे येत आहेत. पांढरे. अजून मऊ.

सर म्हणाले होते, कात टाकल्यावर लगेच रातकिडा सोडायचा नाही. मऊ असताना रातकिडाच तिला खातो. दात काळे झाल्यावरच सोडायचा.

३ ऑक्टोबर

आले. तीन, एक.

भूक उसळली. ती भूक कसली ते मला लगेच कळलं, आणि मी हाताची मूठ दाराच्या विरुद्ध भिंतीशी नेऊन, कापडात गुंडाळून, त्या मुठीवर बसले. तुम्ही बसलात. उसासा. मी मनात म्हणत राहिले, जा हो. दुसरं दार वाजवा. तुम्ही शहाणे आहात, उत्तर नाही आलं तर निघून जायचं असतं.

खूप वेळाने पिशवी उचलल्याचा आवाज आला. बक्कल लावल्याचा. पावलं गेली, गरम खोलीतून, व्हरांड्यातून, फाटकापर्यंत. शेवटचं पाऊल मला तळव्यांत लागलं. मग जमीन नुसती जमीन झाली.

वाचवलं मी तुम्हाला. माझ्यापासून. आता पुन्हा कोण येणार आहे माझ्या दाराशी.

५ ऑक्टोबर

फोन दिवसभर वाजत होता. दुपारनंतर थांबला. एकदम.

रातकिड्यांचा डबा रिकामा आहे. मी पेट्यांत घातलेले नाहीत.

दात तांबूस.

६ ऑक्टोबर

भूक.

दात काळे झाले—

ह्यांचा चेहरा आठवायला बसले. नाही येत. ठोका आठवतो. तीन, एक. चेहरा नाही. लेकीचा तरी— लेक म्हटलं की हलकं पाऊल आठवतं, उजवा पाय जरा ओढत टाकते, लहानपणी पडली होती म्हणून. पाऊल कळतं. माणूस—

६ ऑक्टोबर, दिवेलागण

फाटक. कोणीतरी आलं. व्हरांडा. गरम खोली. सगळ्या पेट्या गप्प.

दारावर—

तीन. एक.

परत आलात? का परत आलात, मी उत्तर दिलं नव्हतं, मी—

पिशवी ठेवली नाही. उसासा नाही. हलकं आहे. ठोका हलका आहे.

बाहेरून आई म्हणालं कोणीतरी. हे मला आई म्हणत नसत.

पुन्हा तीन, एक. रडतेय. आई, मी आहे गं, म्हणते. आत येऊ का, म्हणते. विचारते आहे. वाजवल्याशिवाय येत नाही ती, मीच शिकवलंय, बोलायला लागायच्या आधी—

बाळा, फिर मागे. आवाज निघत नाही. फोन उचलला असता— जवळ घेतलं असतं तेव्हाच— फिर गं सोने—

अंगुस्तान दूर फेकलंय. दोन्ही हात पोटाशी, मुठीसारखे. मेल्यासारखे. मी मेले आहे, बाळा, आत कोणी नाही, गोधडीवर आहे ती बघ, तीच तुझी आई, तिला घेऊन जा—

डावा हात. डावा हात जमिनीवर—

वाजला. दोनदा.

मी नाही. मी नाही वाजवलं—

हसली ती. बाहेर. रडता रडता हसली.

दार. पहिली पायरी. उजवा पाय ओढत. दुसरी. किती हलकं, किती ओळखीचं, किती